संजीवनी यमगरची शाळा

“बाई, फळ्यावरचं तिसरं गणित चुकलंय.”

मी पाठमोरी होते. कोरेवाडीच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत दोनच खोल्या. एकीत मी पहिली आणि दुसरी घ्यायची, दुसरीत दबडे गुरुजी तिसरी आणि चौथी. माझ्या खोलीत डाव्या हाताला पहिली बसायची, उजव्या हाताला दुसरी. गणितं मी दुसरीसाठी लिहीत होते आणि आवाज आला होता डावीकडून.

वळून पाहिलं तर नवी पोर उभी. शाळा सुरू होऊन तीन दिवस झाले होते आणि तिसऱ्या दिवसापर्यंत तिनं तोंडातून शब्द काढला नव्हता. सहा वर्षांची, तेल लावून चापून बसवलेले केस, कानात निंबाच्या काड्या.

मी फळा बघितला. सत्तेचाळीस अधिक अडतीस, आणि खाली मी पंच्याहत्तर लिहिलं होतं. हातचा धरायचा राहिला होता.

“किती पाहिजे?” मी विचारलं.

“पंच्याऐंशी.”

“कसं काढलंस?”

“सत्तेचाळीसला तीन दिलं की पन्नास झालं. अडतीसातलं पस्तीस उरलं.” एवढं सांगून ती खाली बसली.

तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. वडील तामिळनाडूत सेलमला गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायच्या दुकानात कामाला. आमच्या आटपाडीकडची निम्मी माणसं अशीच देशभर पांगलेली. पोर जन्मली तिकडंच. आजी आजारी पडली म्हणून आई तिला घेऊन गावी आली आणि डाळिंबाच्या बागांत मजुरीला जाऊ लागली. आईचं नाव अंजनाबाई, पोरीचं संजीवनी. गाव तिला संजी म्हणायचं.

गणपती यायच्या आत संजीनं पहिलीचं पुस्तक संपवलं, दिवाळीच्या आत दुसरीचं. संक्रांतीला ती गुरुजींच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून चौथीचे भागाकार करत होती. पण पुस्तकं संपवण्याचं मला फारसं नवल वाटायचं नाही. पाठांतरात हुशार पोरं मी खूप बघितली होती. संजीचे प्रश्न वेगळे होते.

एकदा वजाबाकी चालली होती. मी नेहमीसारखं म्हटलं, “तीनातून पाच जात नाहीत.”

“का जात न्हाईत?”

“तीनच आहेत, तर पाच कुठून देणार?”

तिनं पाटीवर बोट वर-खाली फिरवून बघितलं. मग म्हणाली, “बाई, आमच्या हिरीला पायऱ्या हायत्या. जमिनीवरनं तीन पायऱ्या वर गेलं की कट्टा. तिथनं पाच पायऱ्या उतरलं तर आपण हिरीत दोन पायऱ्या खाली असतो. मग जातंय की. त्या खालच्या पायऱ्यांना काय म्हणायचं?”

माझं शिक्षण बारावी आणि डी.एड. ऋण संख्या मी शाळेत शिकले होते, पण त्या अशा कुणी मला दाखवल्या नव्हत्या. मी तिला सांगितलं, “त्यांना नाव आहे. पण नीट कसं सांगायचं ते मला येत नाही. सोमवारी सांगते.” रविवारी आटपाडीला जाऊन हायस्कूलच्या गणिताच्या सरांच्या घरी तासभर बसले. सोमवारी संजी दारातच उभी होती.

त्या वर्षी मी जेवढी शिकले तेवढी डी.एड.च्या दोन वर्षांत शिकले नव्हते. सकाळी शाळेची वाट चालताना माझे पाय आपोआप भरभर पडायचे.

एप्रिलमध्ये केंद्रप्रमुख तपासणीला आले. त्यांनी संजीला सत्तावीसचा पाढा विचारला. तिनं तो सांगितला आणि वर म्हणाली, “उलटा सांगू का?” पंधरा दिवसांत निरोप आला. तीस किलोमीटरवर माळावर एक मोठी निवासी शाळा होती. दरवर्षी खेड्यातलं एक हुशार मूल ते फुकट घ्यायचे. राहणं, खाणं, कपडे, पुस्तकं, सगळं दहावीपर्यंत. संजीला ते थेट चौथीत बसवणार होते आणि शिष्यवृत्तीच्या परीक्षेची तयारी करून घेणार होते.

मे महिन्यात चाचणी होती. अंजनाबाई म्हणाल्या, “बाई, तुमी बी चला. मला मोठ्या शाळंत बोलाय जमत न्हाई.” आम्ही तिघी एस.टी.नं गेलो.

शाळा खरोखर चांगली होती. मी खोटं कशाला सांगू. दोन मजली इमारत, प्रत्येक वर्गाला वेगळी खोली, वेगळा शिक्षक, कपाटभर पुस्तकं, मुलींच्या वसतिगृहात स्वच्छ खाटा. मुख्याध्यापक मोहिते सर हसतमुख होते. चाळीस मिनिटांची चाचणी संजीनं पंधरा मिनिटांत सोडवली. सरांनी तिथंच तपासली आणि खुर्चीत मागं रेलले.

“वा. काय होणार तू मोठेपणी?”

संजी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होती. म्हणाली, “सर, ह्येचं काटं दिवसातनं किती वेळा एकमेकावर येत्यात?”

“हुशार आहे, हुशार आहे,” सर मोठ्यानं हसले, ड्रॉवर उघडून तिच्या हातावर एक गोळी ठेवली आणि माझ्याकडं वळले. “बाई, तुमचं अभिनंदन. सोमवारपर्यंत पालकांचा होकार कळवा.”

परतीच्या गाडीत संजीनं गोळी खाल्ली नाही. मुठीत धरून बोटांवर काहीतरी मोजत बसली. आटपाडीच्या अलीकडं म्हणाली, “बावीस.” मला चोवीस वाटत होते. घरी जाऊन मी भिंतीवरचं घड्याळ उतरवून काटे फिरवले. बावीसच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अंजनाबाई शाळेवर आल्या. कामावरून तशाच आलेल्या, पदराला माती. सुट्टीतही मी निकालपत्रकं लिहायला शाळेत होते, गुरुजीही होते.

“बाई, निरोप आला तवाच मालकास्नी सेलमला पत्र लिवून घिऊन टाकलं हुतं. त्येनी लिवलंय, बाई म्हणतील तसं कर. मी बी तेच म्हणती. तुमी सांगाल तिथं पोर घालती.”

मी म्हटलं, “दोन दिवस द्या.”

त्या गेल्यावर दबडे गुरुजी लिहिता लिहिता थांबले. गुरुजी निवृत्तीला आलेले, बोलायला फार कंजूष. म्हणाले, “काय सांगायचं ते सांगा. पण पोरीकडं बघून सांगा.”

दोन दिवस मला जेवण गेलं नाही. त्या दोन दिवसांत मी काय काय विचार केला ते पुढं येईलच. सोमवारी सकाळी अंजनाबाई आल्या तेव्हा मी म्हणाले, “घाला. तिथं ती पुढं जाईल. आमच्या दोन खोल्यांत तिला काय मिळणार?”

अंजनाबाईंनी माझ्याकडं बघितलं. मग म्हणाल्या, “तुमी म्हणताय न्हवं?”

“हो.”

“मग झालं तर.”

जूनमध्ये संजी गेली. जाताना रडली नाही. मला फक्त विचारलं, “तिथल्या बाईस्नी येत नसलं तर त्या पण सोमवारी सांगत्यात का?” मी म्हटलं, “त्यांना सगळं येतं.”

शाळा भरायची, सुटायची. माझ्या हातून हातचा राहिला तरी कुणी बोलायचं नाही. संजीच्या शेजारी बसायची ती मुमताज मुलाणी, तिनं जागा रिकामीच ठेवली होती. दुसरं कुणी बसायला लागलं की म्हणायची, “संजीची हाय.” मी दोनदा समजावून बघितलं, मग सोडून दिलं.

त्या निवासी शाळेत पहिले चार महिने पालकांना भेटू देत नसत. मुलं रमत नाहीत म्हणून. दसऱ्याच्या आधीचा रविवार पहिल्या भेटीचा होता. अंजनाबाई मला न्यायला आल्या.

मुलींना ओळीनं पटांगणात आणलं. संजी शेवटची, सगळ्यांच्या खांद्याएवढी. तिच्या वर्गातल्या मुली नऊ-दहा वर्षांच्या होत्या. तिचे केस बारीक कापले होते. जवळ आली, हात जोडून “नमस्कार” म्हणाली आणि सरळ उभी राहिली. आईनं जवळ ओढलं तेव्हा कुठं बसली.

“बरी हाईस न्हवं?”

“हो. मी बरी आहे. आपण कशा आहात?”

अंजनाबाई माझ्याकडं बघायला लागल्या.

मी तिच्यासाठी एक कोडं नेलं होतं. सरळ रेषेत चार वेळा कापलं तर एका भाकरीचे जास्तीत जास्त किती तुकडे होतील. वाटेत मी स्वतः दोनदा चुकले होते आणि तिची फजिती होणार म्हणून खुशीत होते. संजीनं ते नीट ऐकून घेतलं.

“बाई, हे किती मार्कांना आहे?”

“मार्कांना नाही गं. असंच.”

“परीक्षेला येतं का?”

“नाही.”

“मग नको.” तिनं हात मांडीवर ठेवले. “आम्हाला वेळ पुरत नाही.”

“आणि तुला काही विचारायचं असलं तर? कुणाला विचारतेस?”

“विचारायचं नसतं. विचारलं की वर्ग मागं पडतो.”

ती हे रागानं सांगत नव्हती, रडतही नव्हती. शाळेचा एखादा नियम सांगावा तसं सांगत होती.

अंजनाबाईंचं लक्ष तिच्या हातांकडं होतं. त्यांनी तळवे उलटे करून बघितले. बोटांच्या पेरांची साल निघाली होती.

“ह्ये कशानं?”

संजीनं हात मागं ओढून घेतले. शेजारी तिच्याच खोलीतली एक मोठी मुलगी आपल्या घरच्यांची वाट बघत होती, ती म्हणाली, “ती चादर धुते ना रोज, त्यानं. झोपेत ओली होते तिची. आम्हीच तिला शिकवलंय, सगळ्यांच्या आधी उठायचं आणि धुऊन टाकायची, म्हणजे कुणाला कळत नाही. आधी तिला पिळता येत नव्हती. आता येते.”

मुलगी चांगल्या मनानंच सांगत होती. तिनं संजीला मदतच केली होती.

अंजनाबाई उठल्या. सरळ मोहिते सरांच्या खोलीत गेल्या. मोठ्या शाळेत बोलायला जमत नाही म्हणणारी बाई माझ्यासाठी थांबली नाही. मी मागोमाग गेले.

सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. “लहान मुलांना वेळ लागतो, ताई. होईल सवय. पण तुम्हाला कल्पना नाही, पोर काय आहे. या वर्षी शिष्यवृत्तीत ती जिल्ह्यात पहिल्या पाचांत येईल.”

“सर, ती सात वर्सांची हाय.”

“म्हणूनच तर,” सर म्हणाले.

अंजनाबाईंनी या वेळी माझ्याकडं बघितलं नाही. मला वाटत होतं, बघतील, विचारतील, आणि मला काहीतरी बोलता येईल. त्या म्हणाल्या, “मी तिला न्यायला आलीया,” आणि बाहेर येऊन संजीला म्हणाल्या, “कापडं भर.”

संजीनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, एवढंच.

गाडीला गर्दी नव्हती. संजी आईच्या मांडीवर डोकं टेकून लगेच झोपली. पाच-सात किलोमीटर मागं पडले. मग अंजनाबाईच म्हणाल्या, “त्या सायबानं घड्याळाचं इचारल्यावर गोळी दिली, उत्तर दिलं न्हाई. मला तवाच कसंतरी वाटलं हुतं.”

“मग बोललात का नाही?”

“तुमी शिकल्याल्या. मी म्हटलं, तुमी बी बघितलं असंल. बघून सांगत असशिला.”

मी बघितलं होतं. ते त्यांना सांगायचं की नाही हे ठरवायला मला आणखी दोन थांबे लागले. मग मी सांगून टाकलं.

“अंजनाबाई, आपल्या शाळेचा पट संजीसकट बरोबर चाळीस होत होता. तिच्याशिवाय एकोणचाळीस. चाळीसच्या खाली गेला की एक शिक्षक कमी करतात. गुरुजी जुने, म्हणजे जायची ती मी. घरात सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, हे आटपाडीच्या डेपोत. बदली झाली तर घर कसं चालणार, हा विचार मे महिन्यात माझ्या डोक्यात आला. संजीला ठेवून घ्यावं असं मला फार वाटत होतं. आणि मग वाटलं, हे मी पोरीसाठी म्हणतेय की माझ्या नोकरीसाठी? मला कळेना. उद्या गाव म्हणेल, बाईनं नोकरीपायी सोन्यासारखी पोर अडकवली. ते ऐकावं लागू नये म्हणून मी ‘घाला’ म्हणाले. गुरुजींनी सांगितलं होतं, पोरीकडं बघून सांगा. मी माझ्याकडंच बघत बसले होते.”

अंजनाबाई खिडकीबाहेर बघत होत्या. मला वाटलं, आता ही बाई माझ्याशी बोलणार नाही. बोलू नये असंच मला वाटत होतं.

“आणि आता पट किती?” त्यांनी विचारलं.

“एकोणचाळीस. सप्टेंबरअखेर मोजून गेले. आता ती परत आली तरी ह्या वर्षाचं कागदावर लागलं.”

“म्हंजी तुमी जाणार.”

“जूनमध्ये.”

त्यांनी संजीच्या कापलेल्या केसांवरून हात फिरवला. “बाई, तुमाला ती पायजे हुती. तिला तुमी पायजे हुता. ह्यात वंगाळ काय हुतं?”

गाडी थांबली तेव्हा संजीचं बोचकं मी उचललं.

संजी पुन्हा मुमताजशेजारी बसली, दुसरीत. मी तिला चौथीत बसवलं नाही. गणित आम्ही शाळा सुटल्यावर करायचो, बाकीचा वेळ ती मुमताजबरोबर चिखलाच्या भाकरी थापायची आणि भांडायची. चादर दिवाळीनंतर कोरडी राहू लागली. बोलायला मात्र तिला वेळ लागला. मी काही शिकवलं की ती मान डोलवायची आणि वहीत उतरवून घ्यायची. त्या मान डोलवण्यानं माझा जीव अर्धा व्हायचा. जानेवारीत एकदा मी सांगत होते, दिवस चोवीस तासांचा असतो, तर ती वहीतून वर न बघता म्हणाली, “चोवीसच का पाडलं? धा पाडलं असतं तर मोजाय सोपं गेलं असतं.” मी म्हटलं, “मला माहीत नाही. सोमवारी सांगते.” आणि तोंड फळ्याकडं केलं, कारण पोरांना दिसू द्यायचं नव्हतं.

मे महिन्यात माझ्या बदलीचा आदेश आला. शेंडगेवस्ती, कोरेवाडीपासून अठरा किलोमीटर, एस.टी. बदलून जायचं. सासूबाईंकडं बघायला नणंद येऊन राहिली. वाटलं होतं तेवढं अवघड ते गेलं नाही. ज्याची इतकी भीती घेतली होती ते असं निभावून गेलं, याचाच मला राग आला.

लोकांना ही गोष्ट सांगितली की ते विचारतात, मग पुढं पोरीचं काय झालं? त्यांना कलेक्टर, शास्त्रज्ञ असं काहीतरी ऐकायचं असतं. चौथीच्या शिष्यवृत्तीत संजी तालुक्यात सातवी आली, जिल्ह्यात कुठंच नाही. पुढं हायस्कूल, मग कॉलेज, सगळं ज्या त्या वयात. आज ती सोलापूरच्या एका कॉलेजात गणित शिकवते. मधूनमधून फोन येतो. अजून तिच्या प्रश्नांना मला सोमवार मागावा लागतो.

पण मला जास्त आठवते ती शेंडगेवस्तीची पहिली सकाळ. नवीन गाव, नवीन पोरं, माझं लक्ष कशात नव्हतं. मी हजेरीपटावर नावं उतरवत होते. दारात सावली पडली म्हणून वर बघितलं. अंजनाबाई उभ्या होत्या. डोक्यावर बोचकं. मागं संजी, केस मानेपर्यंत वाढलेले, बगलेत पाटी.

मी उठून उभी राहिले. “अहो, इकडं कशा?”

“माझी थोरली भन हाय ह्या वस्तीवर. हिची आजी तर माघातच गेली, आता कोरेवाडीत कोण हाय आमचं? खोली बघितली. मजुरी काय, हितं बी गावती.” त्यांनी बोचकं खाली ठेवलं आणि पदराच्या गाठीतून चार घड्या घातलेला कागद काढून माझ्या हातात दिला. “गुरुजींनी दाखला दिलाय. बराबर हाय का बघा. मला वाचाय येत न्हाई.”

मी दाखला उलगडला. दबडे गुरुजींचं अक्षर मोत्यासारखं. संजीवनी बाळू यमगर. जन्मतारीख. इयत्ता दुसरी उत्तीर्ण. वर्तणूक चांगली. खाली शाळा सोडण्याच्या कारणाचा रकाना होता. तिथं आम्ही सगळे वर्षानुवर्षं एकच लिहायचो, पालकांची इच्छा. गुरुजींनी तिथं लिहिलं होतं, बाईंची बदली.